दीड वर्षात दोन एसएसडी गेल्या; तिसरी घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूच्या मोंढ्यात आडत दुकान, पत्र्याखालची खोली. एकाच कॉम्प्युटरवर टॅली, काटापट्ट्या आणि आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. पहिली २४० जीबीची एसएसडी पाच-सहा महिन्यांत गेली: रात्री लाईट गेली आणि सकाळी बघतात तर ड्राइव्ह दिसेना. दुसरी ४८० जीबीची. तिच्यावर कॅमेरेही जोडले. ती वर्षभर चालली, मग मशीन रखडायला लागलं आणि आता फाइल उघडते पण सेव्ह काहीच होत नाही. विचारणा अशी की मराठवाड्याच्या उन्हात एसएसडी टिकतच नाही का, कोणत्या कंपनीची घ्यावी, की गुमान हार्ड डिस्कवर परत जावं.

कंपनीचं नंतर बघू. तुमच्या दोन ड्राइव्ह दोन वेगवेगळ्या कारणांनी गेल्या आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. ड्राइव्ह हातात घेऊन आतले आकडे वाचल्याशिवाय शपथेवर कोणी सांगू शकणार नाही, पण लक्षणं बोलकी आहेत. काल चालत होती आणि आज बायोसमध्येच (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) नाही, हे अचानक लाईट जाण्याचं लक्षण. आधी मंद आणि मग ‘वाचता येतं, लिहिता येत नाही’, हे लिहून लिहून झिजल्याचं लक्षण. ऊन या दोघांच्या नंतर येतं. तिसरी ड्राइव्ह कितीही महाग घेतली आणि ही दोन कारणं तशीच राहिली, तर तीही जाईल.

आधी लाईटचं. फ्लॅश मेमरीत (एसएसडीतल्या डेटा ठेवणाऱ्या चिपांत) लिहिताना एक पान लिहिलं जातं, साधारण १६ केबीचं. पुसताना मात्र शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, काही एमबीचा. लिहिलेल्या पानावर परत लिहिता येत नाही. म्हणून टॅलीने एक नोंद बदलली की कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) नवी प्रत दुसऱ्याच पानावर लिहितो आणि जुनं पान रद्द धरतो. विंडोजला वाटतं फाइल जागेवर आहे. आत ती सारखी हलत असते. कुठली गोष्ट कुठे ठेवली याचा एक तक्ता कंट्रोलर सांभाळतो. तो तक्ता बिघडला तर गोदामात माल सगळा आहे, पण कोणती थप्पी कोणत्या शेतकऱ्याची हे लिहिलेली वहीच गेली, अशी गत होते.

१ टीबीच्या ड्राइव्हला हा तक्ता सुमारे १ जीबीचा होतो. बऱ्या ड्राइव्हमध्ये त्यासाठी वेगळी डीरॅम (चपळ, तात्पुरत्या मेमरीची) चिप असते. स्वस्त साटा (केबलने जोडायच्या) ड्राइव्हमध्ये ती नसते. तक्त्याचा छोटा तुकडा कंट्रोलरच्या पोटात आणि बाकी सगळा फ्लॅशवर, तोही सारखा खाली-वर होत राहतो. त्या घडीला लाईट गेली की तक्ता अर्धवट राहतो. शिवाय टीएलसी प्रकारच्या फ्लॅशमध्ये एका सेलमध्ये तीन बिट असतात, म्हणजे व्होल्टेजच्या आठ पातळ्या. लिहिणं मध्येच तुटलं तर चालू नोंद जातेच, त्याच सेलमध्ये आधीपासून असलेली जुनी नोंदही बिघडू शकते. सकाळी फर्मवेअरला (ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमला) तक्ता जुळवता आला नाही की ड्राइव्ह दिसेनाशी होते, किंवा काहीतरी भलतीच क्षमता दाखवते. फायसन कंपनीच्या एस११ कंट्रोलरवरच्या ड्राइव्ह अशा वेळी बायोसमध्ये कंपनीच्या नावाऐवजी ‘सॅटाफर्म एस११’ असं नाव दाखवतात. तुमची पहिली ड्राइव्ह अजून जवळ असेल तर हे जरूर बघा.

त्याच पहिल्या ड्राइव्हवर एक प्रयोग करता येतो. डेटाची केबल काढा, फक्त पॉवरची ठेवा. मशीन चालू करून २० मिनिटं तसंच सोडा. मग बंद करून पॉवरची केबलही ३० सेकंद काढा. पुन्हा जोडून २० मिनिटं ठेवा. त्यानंतर डेटा केबल लावून बघा. मधल्या वेळात कंट्रोलर कुणाच्या मागणीविना स्वतःचा तक्ता जुळवायचा प्रयत्न करतो. प्रत्येक वेळी जमतं असं नाही, पण पैसे लागत नाहीत. ड्राइव्ह दिसली तर लगेच टॅलीचा डेटा फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्या आणि त्या ड्राइव्हवर पुन्हा काम करू नका.

सर्व्हरच्या एसएसडीत यासाठी सोय असते. बोर्डावर कपॅसिटरची रांग असते; लाईट गेली तरी हातातलं लिहून संपवण्यापुरती काही मिलिसेकंदांची वीज ती देते. घरगुती ड्राइव्हमध्ये ही सोय सहसा नसते. म्हणून ते काम बाहेरून, यूपीएसने करायचं. बहुतेक दुकानांत नेमकी इथेच गडबड असते.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ असं पुष्कळ जण सांगतात. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पूर्ण लोडवर लाईटशिवाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, लोड हलका असेल तर त्याहून जास्त. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाईटवरून बॅटरीवर यायला २० ते ४० मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू होतो. पंखा आणि ट्यूब मात्र चालूच दिसतात, त्यामुळे कुणाला कळतच नाही. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा यूपीएस मोडचं बटण असतं; त्यावर हा वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पण त्याचीही अट आहे. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. ज्या डीपीवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तिथे तो रोज बॅटरी रिकामी करत बसेल. अशा जागी इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवा आणि कॉम्प्युटरला वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस द्या. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही यूपीएस ती लाईट ओळखतच नाहीत आणि स्वतःची बॅटरी संपवतात.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे सुमारे ३६० वॅट. ऑफिसचा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १०० ते १५० वॅट घेतात, त्यामुळे तो पुरतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधीही लावू नका. त्याचा गरम होणारा भाग छापताना ५०० वॅटच्या वर ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करतो. ‘पट्टी छापली की कधी कधी कॉम्प्युटर बंद पडतो’ अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के हेच. डॉट मॅट्रिक्स चालेल. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी पत्र्याखाली दोन उन्हाळे काढते, तिसऱ्याचा भरवसा धरू नका. महिन्यातून एकदा टॅली बंद करून, बाकी मशीन चालू ठेवून, यूपीएसची पिन भिंतीतून उपसा. पाच मिनिटं टिकत नसेल तर बॅटरी बदला.

आणखी एक सेटिंग. बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’ असा पर्याय असतो. तो ‘ऑफ’ ठेवा. आपल्याकडे लाईट एकदा जाऊन एकदा येत नाही, चार वेळा हुलकावणी देते. हा पर्याय ‘ऑन’ असेल तर प्रत्येक वेळी मशीन आपोआप सुरू होतं आणि विंडोज अर्ध्यावर असताना पुन्हा मरतं. ड्राइव्हसाठी याहून वाईट काही नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर ही सेटिंग टिकणार नाही, म्हणून तोही बदलून घ्या.

अर्थिंगही एकदा बघा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. २-३ व्होल्टपर्यंत ठीक. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थ तुटलेलाच समजा: एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्र्यावर निम्म्या मेन्सएवढं व्होल्टेज तरंगत असतं. काळ्या मातीचा हा खास त्रास आहे. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, माती अर्थिंगच्या पाइपपासून सुटते आणि पावसाळ्यात बरोबर दाखवणारा अर्थ एप्रिल-मेमध्ये नावापुरता उरतो. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर मार्चपासून आठवड्याला बादलीभर पाणी घाला.

आता दुसरी ड्राइव्ह. आठ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरू. २ मेगापिक्सेलच्या एच.२६४ रेकॉर्डिंगला हा नेहमीचा दर आहे. आठ चोक ३२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ४ एमबी. दिवसाचे सेकंद ८६,४००. रोजचं लिखाण सुमारे ३४५ जीबी. स्वस्त ४८० जीबीच्या ड्राइव्हच्या माहितीपत्रकावर टीबीडब्ल्यू, म्हणजे हमीच्या काळात एकूण किती लिहिता येईल तो आकडा, १२० टीबीच्या आसपास असतो. १२० टीबीला रोजच्या ३४५ जीबीने भागा: ३४८ दिवस. तुमची ड्राइव्ह वर्षभर चालली म्हणता. तिने करार पाळला.

टीबीडब्ल्यू उलटला म्हणजे ड्राइव्ह त्याच दिवशी मरते असं नाही; पुष्कळ ड्राइव्ह त्याच्या पुढेही चालतात. पण तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. रेकॉर्डिंगने ड्राइव्ह कायम काठोकाठ भरलेली राहिली. रिकामे ब्लॉक हाताशी नसले की कंट्रोलरला एक ब्लॉक मोकळा करण्यासाठी त्यातली जिवंत पानं उचलून दुसरीकडे लिहावी लागतात. तुम्ही १ जीबी लिहा, आत २-३ जीबी लिहिलं जातं. झीज वाढते आणि वेगही पडतो. स्वस्त ड्राइव्ह नवं लिखाण आधी काही जागेत एका सेलला एक बिट अशा चपळ पद्धतीने घेतात आणि सवडीने तीन-तीन बिटांत आवरून ठेवतात. चोवीस तास कॅमेरे लिहीत असतील तर ती सवड कधी मिळतच नाही. तुमचं मशीन रखडत होतं ते याचमुळे. टॅली जड झाली म्हणून नव्हे.

म्हणून कॅमेरे या कॉम्प्युटरवरून काढा. वेगळा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि त्यात पाळत-रेकॉर्डिंगसाठी बनवलेली हार्ड डिस्क: डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. या डिस्क वर्षाला १८० टीबीच्या कामासाठी आहेत. तुमचं वर्षाचं लिखाण १२६ टीबी होतं, म्हणजे मर्यादेत. ४ टीबीच्या डिस्कवर साडेअकरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहील. कॅमेरे एच.२६५ वर टाकून दर २ एमबीपीएस केला तर तेवीस दिवसांचं. एकापाठोपाठ एक सरळ लिहीत जाणं हे हार्ड डिस्कचं हक्काचं काम आहे. एनव्हीआर आणि कॅमेरे मिळून ६०-७० वॅट घेतात, त्यांना वेगळा छोटा यूपीएस द्या. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या लांब केबलमधून धक्का आत येतो. तो हिशोबाच्या मशीनपर्यंत न पोहोचणं हाही मोठा फायदा.

कॅमेरे निघाले की कॉम्प्युटरवर टॅली, ब्राउझर आणि विंडोज मिळून दिवसाला १०-२० जीबी लिहिलं जाईल. त्याच १२० टीबीच्या ड्राइव्हला २० जीबीने भागा: ६,००० दिवस, सोळा वर्षं. झिजेची चिंता तिथेच संपली. त्यामुळे ऑफिसच्या कामात ‘एसएसडी झिजेल’ म्हणून पेजफाइल बंद करणं, ब्राउझरचा कॅश हलवणं असले उद्योग करू नका.

उन्हाबद्दल. परभणी, नांदेड, सेलूकडे मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो, पत्र्याखालच्या बंद कॅबिनेटमध्ये ५० च्या वर. घरगुती एसएसडी चालू असताना ७० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असते आणि साटा ड्राइव्ह स्वतः फार तापत नाही. त्यामुळे चालू ड्राइव्ह उन्हाने मरण्याआधी यूपीएसची बॅटरी आणि एसएमपीएसचे कपॅसिटर मरतात. एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी) ड्राइव्ह मात्र तापते आणि ८० अंशांच्या आसपास गेली की स्वतःचा वेग पाडते; ती घेतलीत तर हीटसिंक लावा. मोंढ्याजवळ जिनिंग असेल तर सीझनमध्ये कापसाची बारीक तूस पंख्यात बसते. दिवाळीनंतर दर महिन्याला ब्लोअर मारा, पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते गरगरा फिरून बेअरिंग जातं.

ऊन खरं नडतं ते बंद ठेवलेल्या ड्राइव्हला. सेलमधला चार्ज हळूहळू गळतो आणि गरमीत जास्त वेगाने गळतो. जेडेक या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा अशी आहे की पूर्ण झिजल्यावरही ३० अंशांत बंद ठेवली तर डेटा एक वर्ष राहावा. दर ५ अंशांना हा काळ साधारण निम्मा होतो. ४० अंशांना तो तीन-साडेतीन महिन्यांवर येतो. नव्या ड्राइव्हला याच्या कितीतरी पट सवलत असते, पण झिजलेली जुनी एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह बॅकअप म्हणून पत्र्याखालच्या कपाटात उन्हाळाभर ठेवणं धोक्याचं. चार्ज गळणं हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० ईव्होवर जुन्या फाइली वाचायला फार वेळ लागू लागला. शेवटी फर्मवेअरमध्ये जुना डेटा वेळोवेळी पुन्हा लिहिण्याची सोय करावी लागली.

तिसरी ड्राइव्ह घेताना काय बघायचं: टीएलसी फ्लॅश, डीरॅम असलेली, ५०० जीबी, पाच वर्षांची वॉरंटी. साटामध्ये सॅमसंग ८७० ईव्हो (५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू) आणि क्रुशियल एमएक्स५०० (१८० टीबीडब्ल्यू) या वर्गातल्या. क्यूएलसी, म्हणजे सेलला चार बिट आणि सोळा पातळ्या, हिशोबाच्या मशीनला घेऊ नका. टॅलीसाठी साटा आणि एनव्हीएमई यात हाताला जाणवेल असा फरक पडत नाही. बोर्डावर जागा असेल तर एनव्हीएमई घ्या, नसेल तर बोर्ड बदलू नका. नाव न ऐकलेली १ टीबी निम्म्या किमतीत मिळत असेल तर आधी एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण भरून, परत वाचून तपासा. क्षमता खोटी लिहिलेल्या ड्राइव्ह बाजारात आहेत. हार्ड डिस्कवर विंडोज टाकून परत जाण्याचं काही कारण नाही.

बसवताना बायोसमध्ये एएचसीआय (साटा ड्राइव्हशी बोलण्याची नेहमीची पद्धत) मोड असू द्या, आणि पार्टिशन करताना ५०-६० जीबी जागा न वाटता तशीच सोडा. तेवढे ब्लॉक कंट्रोलरला आवराआवरीसाठी कायम मोकळे मिळतात. विंडोजच्या ‘डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’मध्ये ही ड्राइव्ह ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ म्हणून दिसते का आणि आठवड्याचं ऑप्टिमायझेशन चालू आहे का ते बघा. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला तिथून कळतं. यामुळेच एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल बहुधा परत मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या ‘पॉलिसीज’खाली दोन चौकोन असतात. पहिला, राइट कॅशिंगचा, चालू ठेवा. दुसरा, ‘टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग’, कधीही टिक करू नका. वेग वाढवायचा म्हणून व्हिडिओंत तो टिक करायला सांगतात. त्याने टॅलीने ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेली नोंद प्रत्यक्षात ड्राइव्हच्या कॅशमध्येच राहते, आणि लाईट गेली की कंपनी उघडताना डेटा रिपेअर करायची वेळ येते.

फर्मवेअर घेतल्या दिवशीच अद्ययावत करा. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने २०१९ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, डेटासकट. उपाय फक्त नवं फर्मवेअर.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) टाका आणि दर महिन्याला चार आकडे वहीत लिहा. हेल्थची टक्केवारी. एकूण होस्ट राइट्स, म्हणजे कॉम्प्युटरने ड्राइव्हवर आजवर किती लिहिलं. अचानक पॉवर जाण्याची संख्या, जिथे दाखवते तिथे; तिची तुलना ‘पॉवर ऑन काउंट’शी करा. शंभर वेळा चालू झालं आणि त्यातल्या साठ वेळा अचानक बंद झालं असेल तर यूपीएस काम करत नाही, मग तो कितीही नवा असो. चौथा, सीआरसी एरर काउंट, म्हणजे केबलवरून डेटा किती वेळा चुकीचा पोहोचला. हा वाढत असेल तर दोष ड्राइव्हचा नसून साटा केबलचा, केबल बदला. आकडा शून्यावर येणार नाही, पण वाढायचा थांबला पाहिजे.

बॅकअप रोज. बाहेरच्या साध्या हार्ड डिस्कवर सोमवार ते रविवार अशी सात फोल्डरं करा आणि दुकान बंद करताना, टॅली बंद केल्यावर, त्या वाराच्या फोल्डरमध्ये डेटा टाका. काल बिघडलेला डेटा आज चांगल्यावर चढू नये म्हणून सात. डिस्क काढून घरी न्या. दुकानात आग, पाणी, चोरी काहीही झालं तरी ती बाहेर असते. आणि महिन्यातून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा. उघडून न बघितलेला बॅकअप मोजू नका.

राहिली तुमची आताची, फक्त वाचता येणारी ड्राइव्ह. तिच्यातून सगळं आजच उतरवून घ्या. ही अवस्था किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, आणि काही ड्राइव्ह बंद करून चालू केल्या की परत उठतच नाहीत, म्हणून नक्कल होईपर्यंत मशीन बंद करू नका. वॉरंटी वर्षं किंवा टीबीडब्ल्यू, जे आधी संपेल तिथपर्यंत असते. होस्ट राइट्सचा आकडा १२० टीबीच्या पुढे असेल तर दावा बहुधा नाकारतील. मर्यादेत असेल तरी एक विचार करा: लिहिता येत नाही म्हणजे पुसताही येत नाही. शेतकऱ्यांची बँक खाती आणि आधार नंबर असलेली ड्राइव्ह तशीच कुरिअरने पाठवावी लागेल. हे चालणार नसेल तर दावा सोडा, कव्हर उघडा आणि बोर्डावरच्या काळ्या चौकोनी फ्लॅश चिप एकेक करून हातोडीने फोडा. नुसता बोर्ड मोडून उपयोग नाही, चिप शाबूत राहिली तर डेटाही राहतो.